दीड खंडी आणि काही अधिक

१५५४ साली आंतोनियू नूनिश या पोर्तुगीज नोंदकाराने हिंदुस्थानातली वजने, मापे आणि नाणी यांची एक पोथी तयार केली. बंदरागणिक मापे बदलत होती आणि व्यापाऱ्याला, वसूलदाराला त्यांचा ताळा लावता येत नव्हता, म्हणून हा खटाटोप. १८६८ मध्ये ही पोथी लिस्बनहून छापून निघाली. सिमाँव बोतेल्यूने त्याच १५५४ साली केलेली पोर्तुगीज हिंदुस्थानच्या उत्पन्नाची खतावणीही त्याच ग्रंथात आहे. नूनिशच्या पोथीत वसईचे प्रकरण आहे आणि त्यात भाताच्या मुड्याविषयी एक नोंद आहे. वसईचा मुडा तीन खंड्यांचा. हे भात म्हणजे टरफलासकटचे. ते सडल्यावर किती तांदूळ हाती येतो? नूनिश सांगतो, दीड खंडी आणि वर काही थोडे.

हे ‘वर काही थोडे’ मला फार मोलाचे वाटते. नूनिशला अपूर्णांक येत नव्हते असे नाही. पोथीभर त्याने अपूर्णांकांचीच तर उस्तवार केली आहे. पण भात सडण्याच्या व्यवहारात कोणते भात, किती वाळलेले, कोणाच्या उखळातले, यावर कणी-कोंडा बदलतो, आणि त्यापलीकडचा आकडा लिहिण्यात अर्थ नाही हे त्याला कळत होते. आज एखाद्याने ही नोंद संगणकावर चढवली, तर रकान्यात १.५० असे पडेल. ‘काही थोडे’ ठेवायला रकाना नसतो. शेवटचे शून्य मात्र आपोआप येते. ते शून्य नूनिशने लिहिलेले नाही, मापलेले नाही, तरी पुढचा वाचणारा ते त्याच्याच नावावर मांडणार.

या लेखाचा विषय ते शून्य आहे. भौतिकशास्त्राच्या वर्गात याला सार्थ अंकांचा नियम म्हणतात. मापनाने ज्या अंकांची खात्री दिली आहे तेवढेच लिहायचे, आणि गणित करताना उत्तरात त्याहून जास्त खात्री घुसवायची नाही. नियम सोपा आहे, म्हणूनच अकरावीच्या पहिल्या प्रकरणात दोन पानांत उरकला जातो आणि मुले तो प्रॅक्टिकलची वही संपताच विसरतात. मी तो पुष्कळ वर्षे शिकवला. पण त्याचे खरे क्षेत्र प्रयोगशाळा नसून तलाठ्याचे दप्तर आहे, असे माझे मत आचोळ्यात राहून झाले. नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेचे हे गाव. तळ्याचे, भाताच्या खाचरांचे आणि गवताचे गाव होते. आता वसई-विरार महापालिकेतला दाट वस्तीचा भाग आहे. इथे जमिनीचा प्रत्येक आकडा पूर्वी शेतसाऱ्याचा होता, आज तो चौरस फुटांचा आहे. आकडा तोच, पण त्याच्याकडून मागितली जाणारी अचूकता शंभरपट वाढली आहे. मापणाऱ्याने ती कधी दिलीच नव्हती.

मराठी भाषेला ही गोष्ट शाळेशिवाय ठाऊक आहे. आपण ‘पंचवीसेक माणसे होती’ म्हणतो, ‘शे-दीडशे’ म्हणतो, ‘पाच-सात’ म्हणतो. तो एक ‘एक’ शेपटीला लावला की ऐकणाऱ्याला कळते, शेवटचा अंक धरून बसू नकोस. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही पाढ्यांची जुनी मालिका पाहा. तिची पायरी पावाची किंवा अर्ध्याची. ‘पाऊण’ म्हणणारा कुणबी ०.७५० म्हणत नसे. अर्ध्याहून निश्चित जास्त आणि पुऱ्याहून निश्चित कमी, एवढेच तो सांगत होता, आणि व्यवहाराला तेवढे पुरत होते. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजनमापे आली. हिशेब सोपा झाला यात वाद नाही. पण दशांश चिन्हानंतर अंक लिहिणे इतके स्वस्त झाले की ते कमवावे लागतात हे लोक विसरले.

मापाची बारीक व्याख्या आणि मोजणीची बारीक अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या काळच्या जमीनमोजणीची काठी दिली आहे : पाच हात आणि पाच मुठी, हात चौदा तसूंचा, एकूण ब्याऐंशी तसू. अशा वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद म्हणजे बिघा, आणि एकशे वीस बिघ्यांचा चावर. काठी तसूपर्यंत बांधलेली आहे. पण चिखलात, बांधावरून वाकडी-तिकडी जाणारी ती काठी वीसदा उचलून ठेवली की प्रत्येक वेळी दोन-चार बोटे इकडे तिकडे होणारच. काठी चोख असणे हे कारागिराचे काम, मोजणी चोख असणे हे नशिबाचे. जुन्या लोकांनी बिघ्यापुढे पांड आणि काठीपर्यंत हिशेब ठेवला, पण सारा ठरवताना जमिनीची प्रत पाहिली आणि पिकाचा अंदाज घेतला. तसूचा हिशेब साऱ्यात उतरवला नाही.

तो उतरवण्याचा सर्वांत शिकलेला प्रयत्न इंग्रजांनी केला, आणि त्याची हकिकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

पेशवाई बुडाल्यावर दख्खनमध्ये किती शेतसारा घ्यावा हा कंपनीपुढे प्रश्न होता. जुने कमाल आकार कागदोपत्री होते, पण ते भरले जात नव्हते. १८२०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण मुलकी अधिकाऱ्याकडे आले. प्रिंगल कंपनीच्या हेलीबरीच्या कॉलेजात शिकलेला. तिथे अर्थशास्त्र शिकवायला खुद्द माल्थस होता. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत तेव्हा नवा होता : जमिनीच्या उत्पन्नातून मशागतीचा सगळा खर्च वजा जाता जे निव्वळ उरते तोच खरा खंड, आणि सरकारने त्यातलाच वाटा घ्यावा. सिद्धांत देखणा आहे. प्रिंगलने ठरवले की पुणे जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याच्या शेकडा ५५ सरकारचा सारा धरायचा.

आता हे निव्वळ उत्पन्न काढायचे कसे? एकरी पीक किती, पाहिजे. चांगल्या, मध्यम आणि वाईट सालांची सरासरी पाहिजे. धान्याचा भाव पाहिजे, तोही सरासरीने. मग नांगरट, बी, बैल, मजुरी, खत यांचा खर्च पाहिजे. या प्रत्येक गोष्टीचा आकडा कोण देणार? ज्याच्यावर सारा बसणार तो कुणबी, आणि ज्याचे हात त्यात गुंतलेले तो कुलकर्णी. मोजणी करणारा कारकूनवर्गही असा, की कोणाचे शेत मोठे लागावे आणि कोणाचे लहान, याची किंमत ठरलेली. प्रिंगलने प्रामाणिकपणे, चिकाटीने तक्ते भरले. पिकाचे आकडे गुणले, भावाने गुणले, खर्च वजा केला, टक्के काढले.

इथे अंकगणिताची एक खोच आहे. गुणाकारात चुका टक्क्यांनी वाढतात, वजाबाकीत त्या स्फोटासारख्या वाढतात. समजा एखाद्या एकराचे उत्पन्न १० रुपयांचे धरले आणि त्यात रुपयाची मागेपुढे होण्याची शक्यता आहे. खर्च ८ रुपयांचा धरला, त्यातही रुपया मागेपुढे. निव्वळ उरले २. पण ते २ म्हणजे खरे तर शून्यापासून ४ पर्यंत काहीही. त्याच्या शेकडा ५५ काढले की १.१० येते, आणि कागदावर एक रुपया एक आणा सात पै असा नेटका आकडा बसतो. सात पै! ज्या आकड्यात रुपयाचीच शाश्वती नाही त्यात पैचा हिशेब. हे आकडे माझे आहेत, प्रिंगलच्या तक्त्यातले नव्हेत; पण त्याच्या पद्धतीत नेमके हेच होते. दोन मोठ्या, अदमासे काढलेल्या रकमांमधला लहानसा फरक हाच साऱ्याचा पाया होता, आणि तो फरक दोन्हींच्या चुकांनी भरलेला होता.

परिणाम १८३०च्या दशकाच्या पहिल्या वर्षांतच दिसला. धान्याचे भाव उतरले होतेच, त्यात हलक्या जमिनींवर सारा जड पडला. इंदापूर तालुक्यात शेते पडीक पडू लागली, कुणबी गाव सोडून निजामाच्या हद्दीत गेले. १८३५ मध्ये गोल्डस्मिडला इंदापूरला पाठवले तेव्हा त्याला मोजणीतच ढोबळ चुका सापडल्या. मग त्याने आणि लेफ्टनंट विंगेटने फेरमोजणी आणि फेरआकारणी हाती घेतली, आणि १८३६ पासून तीस वर्षांसाठी नवे, हलके दर लागू झाले. रवींदर कुमार आणि एरिक स्टोक्स या इतिहासकारांनी या प्रकरणावर लिहिले आहे. त्यांचा भर विचारसरणीवर आहे : उपयुक्ततावादी सिद्धांत आणि हिंदुस्थानी वास्तव यांची टक्कर. ते खरेच आहे. पण मला त्यात साधी गणिताची चूकही दिसते, आणि ती विचारसरणीइतकीच जबाबदार आहे. रिकार्डो चुकला असो वा नसो, त्या आकड्यांवर ती वजाबाकी पेलण्याची ताकदच नव्हती.

विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी जे केले त्याला कोणी सिद्धांत म्हणणार नाही. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. तालुक्याने गेल्या पुष्कळ वर्षांत प्रत्यक्षात किती भरले, कोणत्या साली लागवड वाढली, कधी घटली, हे पाहून तालुक्याचा एकूण भार ठरवला, आणि मग तो भार शेतांवर जमिनीच्या प्रतीप्रमाणे वाटला. त्या प्रतीही बघा कशा. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७च्या संयुक्त अहवालात त्या नऊ आहेत : १६, १४, १२, १०, ८, ६, ४॥, ३ आणि २ आणे. मातीची खोली हाताने मोजायची, तीही पाव-पाव हाताच्या पायरीने. माती चुनखडीची, वाळूची, उताराची, पाणथळ असली की एकेक प्रत खाली. पंधरा आण्यांची जमीन नाही, तेरा आण्यांचीही नाही. डोळा जेवढे ओळखू शकतो तेवढ्याच पायऱ्या. हे मला त्या काळातले सर्वांत शहाणे अंकगणित वाटते. ज्या अधिकाऱ्यांना सार्थ अंक हा शब्द कोणी शिकवला नव्हता त्यांनी तो नियम बरोबर पाळला. अमेरिकेत सायलस होल्मनने मापनाच्या अचूकतेवरचे पुस्तक १८९२ मध्ये काढले, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकाने.

या पाहणीबरोबर आली ३३ फुटांची साखळी. तिचे सोळा भाग, आणि भागाचे नावही आणाच. हे माप मोठ्या चतुराईने निवडलेले आहे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेताची लांबी साखळ्यांत, रुंदी साखळ्यांत, गुणाकार केला की गुंठे तयार. एक साखळी लांब आणि एक आणा रुंद पट्टी म्हणजे गुंठ्याचा एक आणा. मोजणीदाराला पाढ्याशिवाय काही लागत नसे. शंकू लावून काटकोन धरायचा, शेताचे त्रिकोण-चौकोन पाडायचे, टिपणावर साखळी-आणे लिहायचे. कोकणच्या भातजमिनींना पुढे वेगळे नियम करावे लागले. इथे मातीच्या खोलीपेक्षा पाणी आणि खाऱ्याचा उपद्रव महत्त्वाचा होता. साखळी मात्र हीच आली.

एक आणा म्हणजे २ फूट आणि पाऊण इंच. मोजणीदार जवळच्या आण्यापर्यंत लांबी लिहितो, म्हणजे प्रत्येक बाजूत अर्ध्या आण्याची, सुमारे फुटाची, चूक पोटात घेतो. समजा शेत ८ साखळ्या लांब आणि ५ साखळ्या रुंद आहे. आठ पंचे चाळीस, बरोबर एक एकर, ४३,५६० चौरस फूट. आता दोन्ही बाजू अर्धा आणा वाढवा, क्षेत्र होते सुमारे ४४,००० चौरस फूट. दोन्ही अर्धा आणा कमी करा, होते सुमारे ४३,१२०. म्हणजे उताऱ्यावरचा ‘१ एकर’ हा वर किंवा खाली ४४० चौरस फुटांनी डुलणारा आकडा आहे. नालासोपाऱ्यात ४४० चौरस फूट म्हणजे एका कुटुंबाचा संसार. आणि ही झाली साखळी नवी असतानाची गोष्ट. कड्या झिजून, ओढून साखळी एक इंचाने लांब झाली तर एकरामागे आणखी सुमारे २० चौरस मीटरचा फरक पडतो, तोही प्रत्येक शेतात एकाच दिशेने, कारण लांबलेली साखळी नेहमीच कमी मोजते.

शेतसाऱ्याला यातले काहीच अडत नव्हते. गुंठ्याचा चौथा-पाचवा हिस्सा इकडेतिकडे झाला तर सारा पैनेही बदलला नसता. आकडा त्याच्या कामापुरता प्रामाणिक होता.

मग तो दशमान झाला. एक एकर म्हणजे ४,०४६.८६ चौरस मीटर, एक गुंठा म्हणजे १०१.१७. हे रूपांतर व्याख्येने ठरलेले आहे, त्यात मापनाची चूक नाही. चाळीस गुंठ्यांचा एकर यातही नाही, सोळा आण्यांच्या साखळीतही नाही. असे आकडे सार्थ अंकांच्या हिशेबात धरायचे नसतात, ते मूळ मापाला ना सुधारतात ना बिघडवतात. पण लोक नेमके उलटे करतात. रूपांतराचा आकडा पाच अंकी असला की उत्तरही पाच अंकी खरे मानतात, आणि घाईत असले की रूपांतराचा आकडाच छाटतात. गुंठा म्हणजे एक आर असे सर्रास म्हटले जाते, त्या हिशेबाने एकर होतो ४,००० चौरस मीटर. गुंठा १०१ धरला तर ४,०४०. १०१.१७ धरला तर ४,०४७. नियम सांगतो की मधल्या पायरीवर एखादा अंक जास्तच बाळगावा आणि पूर्णांकन एकदाच, शेवटी करावे. दोन पानांच्या प्रकरणातली ही ओळ मी फळ्यावर दरवर्षी लिहिली, आणि दरवर्षी निम्मा वर्ग प्रत्येक पायरीवर पूर्णांकन करून येई.

मी पाहिलेल्या हाताने लिहिलेल्या उताऱ्यांवर एकराचे रूपांतर बहुधा ०-४०-५ असे आढळते. शून्य हेक्टर, साडेचाळीस आर. ४०.४७ चे ४०.५ केले, ठीक आहे, आराच्या दहाव्या भागापर्यंत लिहायचे ठरवले तर हेच बरोबर. पुढे संगणकाचा रकाना आला आणि त्यात दोन घरे होती. ०.४०.५ चे ०.४०.५० झाले. कोणी खोटे लिहिले नाही, कोणी काही बदलले नाही. एक रिकामे घर भरले, एवढेच. पण ४०.५ म्हणजे ४०.४५ ते ४०.५५ च्या मध्ये कुठेतरी, आणि ४०.५० म्हणजे चौरस मीटरपर्यंतची हमी. ती हमी चुकीचीही आहे, कारण एकर ४,०५० चौरस मीटरचा नाहीच, ४,०४७ चा आहे. शिवाय खरी मोजणी पाहिली तर तो ४,००६ पासून ४,०८८ पर्यंत कितीही असू शकतो. प्रामाणिकपणे लिहायचे तर ०.४० हेक्टर, बस.

या शून्यावरून आमच्या भागात दोन चुलत भावांत बोलाचाल बंद झालेली मी जवळून पाहिली. जमीन वडिलोपार्जित, जुन्या उताऱ्याने एक एकर, विकासकाशी करार व्हायचा होता. धाकटा माझा विद्यार्थी, म्हणून कागद माझ्यापर्यंत आले. थोरल्याने ४,०५० ला १०.७६४ ने गुणून ४३,५९४ चौरस फूट काढले होते. धाकट्याने चाळीस गुंठे धरून ४३,५६०. फरक ३४ चौरस फुटांचा, आणि वाटा चौरस फुटांवर ठरलेला. थोरल्याला वाटे धाकटा विकासकाला सामील आहे. त्यात नवी मोजणी झाली, यंत्राने, आणि क्षेत्र आले ४,०१२ चौरस मीटर. आता ३८ चौरस मीटर, म्हणजे चारशेहून जास्त चौरस फूट, ‘गायब’ होते. दोघे भाऊ पहिल्यांदा एका मताचे झाले : बांध शेजाऱ्याने सरकवला.

थोरले माझ्याकडे आले ते ठामपणे. “सर, सरकारी कागदावर चार आकडे छापून आलेत. ते खोटे कसे म्हणता?” मी त्यांना टिपणाची नक्कल काढायला लावली. बाजू साखळी-आण्यांत होत्या. मग त्यांच्याच पडवीत बसून अर्धा आणा वाढवून आणि अर्धा आणा घटवून दोन गुणाकार केले. ४,०१२ हा आकडा त्या दोन टोकांच्या आत आरामात बसत होता. जमीन गायब व्हायला ती आधी तेवढी असल्याचे कोणी मोजलेले असावे लागते. धाकट्याने मान डोलावली. थोरले बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे आमच्या आज्याला पण आपली जमीन किती ते माहीत नव्हतं?” मी म्हटले, “त्यांना बांध माहीत होता, दादा.”

हे नुसते सांत्वन नव्हते. दस्तऐवजातले क्षेत्र आणि चतुःसीमा यांत विसंगती आली तर साधारणपणे चतुःसीमा प्रमाण मानण्याकडे न्यायालयांचा कल असतो, आणि त्याचे कारण हेच. बांध ही वस्तू आहे, क्षेत्र हा हिशेब आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत मोजणीतली किंवा अंकगणिताची चूक दुरुस्त करण्याची तरतूद आहे, लेखनदोष दुरुस्त करण्याची वेगळी आहे. पण जिथे चूकच नाही, नुसते जास्तीचे शून्य आहे, तिथे कोणते कलम लावायचे? थोरल्यांचा अर्ज लेखनदोषाचा म्हणून गेला, परत आला, मग मोजणीच्या चुकीचा म्हणून गेला.

आकडा गोल दिसू नये म्हणून जास्तीचे अंक चिकटवण्याचा मोह मोठमोठ्यांनाही होतो असे सांगणारी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एव्हरेस्टची उंची नेमकी २९,००० फूट आली, लोकांना तो अंदाज वाटेल म्हणून वॉने दोन फूट जोडून १८५६ मध्ये २९,००२ जाहीर केली. गोष्ट रंगतदार आहे, पण आकडे तिला साथ देत नाहीत. सहा ठिकाणांहून काढलेल्या उंचींची सरासरी २९,००२ च्या किंचित वरच येते. मात्र त्या सहांत सर्वांत कमी २८,९९० आणि सर्वांत जास्त २९,०२६ आहे. म्हणजे पस्तीस-छत्तीस फुटांच्या पसाऱ्यातून निघालेला तो शेवटचा २ खोटा नसला तरी पोकळ आहे. २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी मिळून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट. राधानाथ सिकदारांच्या काळच्या गणनेचे मोठेपण त्या दोन फुटांत नाही. शंभर मैलांवरून, हवेच्या वक्रीभवनाशी झुंजत, तीस फुटांच्या आत पोचण्यात आहे.

आता आमच्याकडे मोजणीला रोव्हर येतो. उपग्रहांकडून संदेश घेऊन तो सेंटिमीटरपर्यंत स्थान सांगतो. मोजणीदाराने तो एका दगडावर टेकवला तेव्हा मी बाजूला उभा होतो. हा हद्दीचाच दगड का, असे शेजाऱ्याने विचारले. मोजणीदार म्हणाला, जुन्या नकाशाशी जुळवून हाच जवळचा वाटतो. मूळ दगड भराव टाकताना केव्हाच गाडला गेला आहे. म्हणजे ज्या बिंदूचे स्थान सेंटिमीटरपर्यंत नोंदले गेले, तो बिंदू तोच आहे याची खात्री फुटा-दोन फुटांची. नोंदीत मात्र सेंटिमीटरच जाणार, कारण यंत्र तेच लिहिते.

मी मोजणीदाराला सुचवले की शेऱ्याच्या जागी ‘मूळ हद्दीचा दगड आढळला नाही, जुन्या टिपणावरून अंदाजे’ एवढे तरी लिहा. तरुण मुलगा होता, समजूतदार. “लिहितो सर,” म्हणाला, “पण ऑनलाइन गेलं की शेरा दिसत नाही.” तरी त्याने लिहिले. शेजाऱ्याला पाठवलेली नोटीस भावांनी अजून मागे घेतलेली नाही, धाकट्याची तयारी आहे, थोरल्यांची नाही. विकासकाच्या करारात क्षेत्र ‘प्रत्यक्ष मोजणीप्रमाणे’ असे घालायचे ठरले आहे आणि ३४ चौरस फुटांचा वाद त्यामुळे मिटला. सातबाऱ्यावर अजून ०.४०.५० आहे. दुरुस्तीच्या अर्जाची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.